स्टेशनला नाव नसलेले गाव

कामोठ्याला लोकलने यायचे तर मानसरोवर किंवा खांदेश्वरला उतरावे लागते. कामोठे नावाचे स्टेशनच नाही. इथे फ्लॅट घेऊन राहायला आलेल्या आमच्यासारख्यांना पत्ता म्हणजे सेक्टर आणि प्लॉट नंबर. मधोमध जुने गावठाण आहे, तेवढ्यापुरतेच गाव उरले, असा आपला समज असतो.

इंग्लंडमधल्या लहानशा खेड्याचाही इतिहास लिहिला जातो. याचे एक कारण कागद आहे. 1538 साली थॉमस क्रॉमवेलने प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवायला लावली. त्यामुळे तिथला साधा शेतमजूरही शतकांनंतर नावानिशी सापडू शकतो. पुढे 1955 साली डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी कुंपणे, वाटा आणि शेतांचे आकार हेही दस्तऐवजासारखे वाचता येतात, हे आपल्या पुस्तकातून दाखवून दिले.

पनवेलच्या खाडीकाठी हीच नजर लावली तर पहिल्यांदा दिसतो तो बांध. खार जमिनीत भात पिकवायचा तर भरतीचे पाणी बाहेर ठेवावे लागते. त्यासाठी मातीचे बांध आणि त्यांत उघाडी. ओहोटीला ती उघडून शेतातले पाणी सोडायचे, भरतीला बंद करायची. पहिल्या पावसांनी मातीतले मीठ धुतले की मग लावणी. बांध फुटला तर एकट्याचे शेत बुडत नसे, सगळ्यांचेच बुडे. म्हणून बांधाची राखण सामाईक होती. जुन्या कुलाबा जिल्ह्यात अशा शिलोत्री जमिनींवर बांधाच्या डागडुजीसाठी वेगळी पट्टी घेतली जाई. या किनाऱ्यावर आगरी आणि कोळी होते, तसे तळोज्यात कोकणी मुसलमानही भातशेती करत. पावसाची वाट सगळे सारखीच पाहत.

1970 साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातील 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादित व्हायला लागल्या. नकाशावर ही जमीन मोकळी दिसत होती. पिढ्यान्‌पिढ्या राखलेला बांध नकाशात मोकळी जागाच ठरतो, हे मला या साऱ्या प्रकरणातले सर्वांत खटकणारे वाटते. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्यानंतरची.

आपल्याकडे पॅरिशच्या वह्या नाहीत, पण सात-बारा आणि फेरफार आहेत. जमातीच्या दप्तरात निकाहाच्या नोंदी असतात. कुठल्या सेक्टरखाली कोणते शेत होते आणि त्या शेताचे नाव काय होते, हे मात्र यांतल्या कशातूनच पुरते कळत नाही. ते माणसांना ठाऊक आहे. 1970 मध्ये जो विशीत नांगर धरत होता, तो आज पंचाहत्तरीच्या पुढे आहे. ईदला घरी गेलात तर आजोबांकडून शेतांची नावे वहीत उतरवून घ्या. उघाडी कुठे होती, तेही विचारा.