ओसाड बेटावर वस्ती कोणी केली?

भोवती समुद्र असता बेटावर प्राणी आले कोठून, हा प्रश्न फार जुना आहे. त्याचे उत्तर डोळ्यांनी पाहण्याची संधी मात्र एका भयंकर संहारानेच दिली.

जावा आणि सुमात्रा यांच्यामधील सामुद्रधुनीत क्राकाताऊ हे बेट होते. २७ ऑगस्ट १८८३ रोजी तेथील ज्वालामुखीचा महास्फोट झाला आणि दोनतृतीयांश बेट नाहीसे झाले. उसळलेल्या लाटांनी मुख्यतः दोन्ही किनाऱ्यांवरील ३६,००० हून अधिक माणसांचा बळी घेतला. उरलेल्या भूमीवर तप्त राखेचा जाड थर बसला.

मे १८८४ मध्ये एदमों कोतो हा फ्रेंच प्रवासी तेथे उतरला. त्याला एकच जीव आढळला : एक इवलासा कोळी, आणि तो जाळे विणीत होता! कोळ्याची पिले धागा सोडून वाऱ्यावर तरंगत दूर जातात. हाही तसाच आला असावा. १८८९ पर्यंत तेथे घोरपड दिसू लागली. ती पट्टीची पोहणारी. पक्षी व वटवाघळे उडत आली. घरउंदीर मात्र माणसाच्या सामानातून आला, असे अभ्यासक मानतात.

परंतु येणे वेगळे आणि टिकणे वेगळे. युनियनच्या कामात आम्ही हे पाहिले आहे : फलक एकटा माणूस लावतो, पण तो एकट्याच्याने टिकत नाही. कोळ्याला वाऱ्याबरोबर येणारे किडे हवेत. उंबराच्या जातीच्या झाडांचे बी पक्षी आणि वटवाघळे आणतात. पण केंबरे आल्यावाचून त्या झाडांना बी धरत नाही, आणि त्या झाडांवाचून केंबरांना घर नाही.

बाकर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९२९ साली शंका काढली की, राखेखाली काही मुळे-बिया जिवंत राहिल्या नसतील कशावरून? शंका रास्त होती. पण १९३० साली त्याच ठिकाणी समुद्रातून ‘अनाक क्राकाताऊ’, म्हणजे क्राकाताऊचे मूल, हे नवे बेट कायमचे वर आले. त्याच्या पोटात जुने बी नव्हते. तेथेही जीव आलेच, आणि ते बाहेरूनच.

२२ डिसेंबर २०१८ रोजी त्या मुलाचा कडा समुद्रात कोसळला. लाटांनी ४०० हून अधिक माणसे नेली. शेजारच्या बेटांवरील रानही राखेने झाकले. वस्तीचा हिशेब तेथे पुन्हा मांडावा लागला. आणि या खेपेसही तो एकट्याच्या नावावर मांडता येणार नाही.