घरातून गेलेली आणि घरी परतलेली फळी

स्केटबोर्डला कोणी एक जनक नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत कॅलिफोर्नियातल्या पोरांनी रोलर स्केट खोलले, त्यांचा पुढचा आणि मागचा भाग वेगळा केला आणि दोन बाय चार इंची लाकडाच्या तुकड्याखाली खिळ्यांनी ठोकला. त्याआधी अशाच फळीवर फळांचं खोकं उभं करून, त्याला धरायला दांडा लावून स्कूटर बनत असे. खोकं मोडलं, दांडा गेला आणि फळी राहिली. आपल्याकडे गॅरेजमधून मागून आणलेल्या जुन्या बेअरिंगांवर पोरांची जी गाडी उतारावरून खडखडत जाते, तीही याच कुळातली. १९५९ मध्ये रोलर डर्बी या कंपनीने तयार स्केटबोर्ड बाजारात आणला. तोवर ही वस्तू प्रामुख्याने घरामागच्या अंगणातच जन्म घेत होती.

पुढे कारखाने उभे राहिले तरी घरचं काम थांबलं नाही, कारण फळी सपाट होती. करवत, कानस आणि पॉलिश पेपर एवढ्यावर काम भागे. चाकं आणि ट्रक, म्हणजे फळीखालचे धातूचे आस, विकत घ्यायचे आणि लाकूड आपलं. शाळेच्या सुतारकामाच्या वर्गातही मुलं असे बोर्ड कापत. घरी करता येणं हा या वस्तूचा मूळ स्वभावच होता असं मला वाटतं. तो सुटला एका बाकामुळे.

हा बाक लॅरी स्टीव्हन्सन यांनी आणला. हे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे जीवरक्षक. ‘सर्फ गाइड’ हे नियतकालिकही ते काढत, आणि १९६३ पासून मकाहा नावाने स्केटबोर्ड बनवत. फळीचं मागचं टोक वर उचललेलं असलं तर त्यावर पाय दाबून पुढचं टोक हवेत घेता येतं आणि बोर्ड जागच्या जागी वळवता येतो, हे त्यांनी हेरलं. या ‘किकटेल’चं पेटंट त्यांना १९७१ मध्ये मिळालं. आज स्केटबोर्डवर जे जे काही केलं जातं, त्यातल्या बहुतेकाचं मूळ या उचललेल्या शेपटीत आहे.

पण अखंड लाकडातून शेपूट काढायची कशी? जाड ठोकळा घेऊन तासला तर बरंच लाकूड वाया जातं, आणि त्याहून मोठी अडचण लाकडाच्या आत असते. लाकडाचे तंतू सरळ धावतात, तासलेला बाक मात्र वर वळतो. वळणावर तंतू मध्येच कापले जातात आणि नेमका तिथेच पायाचा सगळा भार येतो. अशी शेपूट एका जोरदार आपटीत तंतूंच्या रेषेत चिरते. म्हणून अनेकांनी सपाट फळीच्या मागे लाकडाची पाचर चिकटवून वेळ निभावली.

खरा उपाय म्हणजे लाकूड कापून वाकडं न करता तंतूंसकट वाकवायचं. त्यासाठी ते पातळ हवं. १९७०च्या दशकाच्या मध्यावर कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात विली विंकेल यांनी मेपलचे पातळ थर गोंद लावून एकमेकांवर रचले आणि साच्यात दाबले. थर दाबाखाली एकमेकांवरून किंचित सरकतात आणि साच्याचा आकार घेतात. गोंद सुकला की सरकणं बंद होतं आणि बाक कायमचा बसतो. यातून सात थरांचा डेक, म्हणजे पाय ठेवायची फळी, रूढ झाला. साधारण दीड मिलिमीटरचा एकेक थर, त्यातल्या पाचांचे तंतू लांबीच्या दिशेने आणि तिसऱ्या व पाचव्याचे आडवे. आडव्या थरांमुळे डेक लांबीत चिरत नाही. थरांची संख्या विषम, त्यामुळे मधल्या थराच्या दोन्ही बाजूंना रचना सारखी राहते आणि फळी पिळवटत नाही. लाकूडही विचारपूर्वक निवडलेलं. कॅनडा आणि अमेरिकेतल्या महासरोवरांच्या थंड मुलखात शुगर मेपल सावकाश वाढतो, म्हणून त्याचं लाकूड घट्ट आणि कणखर होतं. मेपल सिरप मिळतं तेही याच झाडापासून.

१९८०च्या दशकात रुंदीतही खोलगटपणा रूढ झाला. कडा वर उचललेल्या, मध्य खाली, म्हणजे पायाला पकड. दशक संपता संपता पुढचं टोकही मागच्यासारखंच उंचावू लागलं. वर्ल्ड इंडस्ट्रीज या कंपनीने १९८९ मध्ये स्केटर माइक व्हॅलेली यांच्या नावाने काढलेला ‘बार्नयार्ड’ हा त्यातला गाजलेला डेक. एवढे बाक एकाच वेळी द्यायचे तर हायड्रॉलिक प्रेस हवी, जड साचे हवेत. करवत-कानस घेऊन बसलेला पोरगा इथे मागे पडला. पुढे हे काम बऱ्याच अंशी मेक्सिको आणि चीनमधल्या कारखान्यांत गेलं. तिथे एका साच्यात अनेक डेक एकावर एक ठेवून दाबतात, त्यामुळे वरच्या आणि खालच्या डेकच्या बाकात थोडा फरक राहतो. दुकानात एकाच नमुन्याचे दोन डेक शेजारी धरून पाहणाऱ्या स्केटरला तो दिसतो.

घरच्या घरी लाकडाचे थर वाकवण्याचा एक प्रयोग मात्र कॅलिफोर्नियातल्याच लॉस एंजेलिसमध्ये आधीच झाला होता. १९४१ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स हे नवविवाहित जोडपं वेस्टवुडच्या एका भाड्याच्या घरात राहायला आलं आणि तिथे त्यांनी एक यंत्र बनवलं. प्लास्टरचा साचा, त्याला गरम करायला विजेच्या तारा, साच्यावर गोंद लावलेले लाकडी थर आणि त्यांच्यावर एक रबरी फुगा. सायकलच्या पंपाने फुग्यात हवा भरायची म्हणजे तो थरांना साच्यावर दाबून धरतो. या यंत्राला त्यांनी जादूगाराच्या मंत्रावरून ‘कझॅम’ नाव दिलं. त्याच तंत्रातून अमेरिकन नौदलासाठी जखमी पायाला बांधायच्या लाकडी खपच्या निघाल्या, सुमारे दीड लाख. १९४३ मध्ये ईम्स यांचा कारखाना लॉस एंजेलिसच्याच व्हेनिस भागात गेला आणि पुढची अनेक दशकं तिथेच राहिला. सत्तरच्या दशकात झेफायर या स्केटबोर्ड संघाच्या पोरांनी ज्या भागाला ‘डॉगटाउन’ म्हणून प्रसिद्धी दिली, तोच हा भाग. याच दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारसाठी लिहिलेल्या अहवालातून अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली.

ईम्स यांनी हवा आत भरली. टोरांटोचे फर्निचर-कारागीर आणि कलाशिक्षक टेड हंटर यांनी ती बाहेर काढली, आणि माझ्या मते डेक घरी परतला तो इथे. त्यांच्या रोअरॉकिट कंपनीची पद्धत साधी आहे. कडक फोमचा साचा हाताने घासून करायचा. सात थरांना गोंद लावायचा, तो पांढरा-पिवळा सुतारी गोंद, आपलं फेविकॉल ज्या जातीचं त्याच जातीचा. थर साच्यावर ठेवायचे, सगळं हवाबंद पिशवीत सरकवायचं आणि हातपंपाने हवा ओढून घ्यायची. मग दाब देतं ते बाहेरचं वातावरण. समुद्रसपाटीला हवा प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोचा भार टाकते. ऐंशी सेंटिमीटर लांब आणि वीस रुंद डेकचं क्षेत्रफळ सोळाशे चौरस सेंटिमीटर, म्हणजे भार दीड टनाच्या घरात. तोही सगळीकडे सारखा. शिकंज्यांनी आवळलं तर जिथे शिकंजा तिथे दाब आणि मधे पोकळ जागा. हवा अशी जागा सोडत नाही. रात्रभर पिशवीत ठेवलं की सकाळी बाक तयार. मग जिगसॉने आकार कापायचा, ट्रकसाठी आठ भोकं पाडायची, कडा गोल करायच्या आणि लॅकर चढवायचं. साच्यात एका वेळी एकच डेक, म्हणून प्रत्येकाचा बाक साच्याबरहुकूम.

याचा मोठा फायदा शाळांना झाला. पॉल श्मिट यांनी असंख्य व्यावसायिक स्केटरांचे डेक बनवले, आणि ‘क्रिएट-अ-स्केट’ या उपक्रमातून त्यांनीही मुलांच्या हाती डेकची घडण दिली. दाब, कोन, क्षेत्रफळ ही पुस्तकातली नावं अशा वर्गांत मुलांच्या बोटांना लागतात. मला हे फार मोलाचं वाटतं.

महाराष्ट्रात कोणी हे करायला बसलं तर अडेल ते लाकडापाशी. आपल्या प्लायच्या दुकानांत मिळणारं शोभेचं व्हीनियर साधारण अर्ध्या मिलिमीटरचं असतं, डेकच्या थरासाठी फारच पातळ. तीन मिलिमीटर प्लायचे तीन तुकडे एकावर एक दाबले तर लांब, मंद बाकाचा लाँगबोर्ड होतो, पण ते शेपटीचं तीव्र वळण सहजी घेत नाहीत. साच्यासाठी साधा थर्माकोल घेऊ नये, तो या दाबाखाली चेपतो. एक्स्ट्रूडेड पॉलिस्टायरीनची घट्ट पाटी घ्यावी.