हवा गिळते तो प्रकाश

इंदापूरकडून एसटीने बारामतीला येणाऱ्या मुलांना मी वर्षानुवर्षे पाऱ्याच्या दिव्याच्या रेषा दाखवल्या. स्पेक्ट्रोमीटरच्या दुर्बिणीत पिवळी जोडरेषा, मग हिरवी, मग जांभळी, त्यापुढे काळोख. पण प्रकाश तिथे संपत नाही, हे मी प्रत्येक तुकडीला आवर्जून सांगत असे.

सुमारे १९० नॅनोमीटरच्या खाली हवेतला ऑक्सिजनच प्रकाश गिळू लागतो. १८९३ च्या सुमारास जर्मनीत व्हिक्टर शुमान यांनी उपकरणातली हवा उपसली, क्वार्ट्झऐवजी फ्लोराइट वापरलं आणि हा प्रांत खुला केला. पुढे तिथे लेझरचा उजेड न्यायचा म्हटलं, तर लेझरची वारंवारता वाढवणारे बहुतेक स्फटिक तो उजेड स्वतःच शोषून घेत. म्हणून वायूंकडे वळावं लागलं.

१९६७ मध्ये न्यू आणि वॉर्ड या संशोधकांनी वायूंमध्ये लेझरच्या तिप्पट वारंवारतेचा प्रकाश मिळवला. तो क्षीणच असे. मूळ लहर आणि नवी लहर यांचा वेग वेगळा, त्यामुळे एका ठिकाणी जन्मलेला उजेड पुढचा उजेड खोडून टाकी. १९७३ मध्ये कुंग, यंग आणि हॅरिस यांनी झेनॉनमध्ये नेमक्या प्रमाणात आरगॉन मिसळला. वारीतल्या बेलवाडीच्या रिंगणात टाळकऱ्यांची पावलं एका ठेक्यात पडतात, तशा दोन्ही लहरी जुळल्या. ३५४.७ नॅनोमीटरपासून ११८.२ नॅनोमीटरचा प्रकाश निघाला.

२०२४ मध्ये झेनॉनमधूनच मिळवलेल्या १४८ नॅनोमीटरच्या प्रकाशाने थोरियमचं अणुकेंद्रक उत्तेजित केलं. अणुकेंद्रकावर चालणाऱ्या घड्याळाची वाट मोकळी झाली. बी.एस्सी.च्या वर्गात हा इतिहास शिकवलाच पाहिजे.