मुलीच्या वाट्याचे दूध आणि आईच्या मनावरचे ओझे

घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली. कुठल्याही प्रसूतिगृहाबाहेर अर्धा तास उभे राहा. आत काय जन्मले हे कोणाला विचारावे लागत नाही. पेढे वाटले तर मुलगा, बर्फी वाटली तर मुलगी. आणि दुसरीही मुलगीच असेल तर अनेकदा काहीच वाटले जात नाही. ‘पहिली बेटी, धनाची पेटी’ म्हणून पहिली चालवून घेतली जाते. दुसऱ्या वेळी ही म्हण कोणाला आठवत नाही. भिंतीवर तथागत आणि बाबासाहेबांची तसबीर असलेली आमची घरेही याला अपवाद नाहीत, हे आधी कबूल करून मगच आम्ही पुढे लिहितो.

प्रश्न फक्त मिठाईचा असता तर लेख लिहायची गरज नव्हती. प्रश्न असा आहे, की बाळ मुलगी आहे एवढ्याच कारणाने तिला आईचे दूध कमी दिवस मिळते का? आणि मुलगी झाली म्हणून तिच्या आईचे मन आजारी पडते का? दोन्ही प्रश्नांवर अभ्यास झालेले आहेत आणि दोन्हींचे उत्तर ‘होय’ असे आहे.

पहिल्या उत्तराची सामग्री आपल्या उपनगरातूनच आली. देवनारला, गोवंडी स्टेशनपासून जवळ, आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. १९५६ साली, म्हणजे धम्मदीक्षेच्याच वर्षी, ती सुरू झाली. १९९२-९३ पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे काम ही संस्था पाहते. या पाहण्यांची आकडेवारी घेऊन सीमा जयचंद्रन आणि इल्याना कुझिएम्को या दोन अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. भारतात मुलींचे अंगावरचे दूध मुलांच्या आधी तुटते, असे त्यांना आढळले. कारण काय? आईला लेक नकोशी असते म्हणून? नाही. बाळ अंगावर पीत असते तोवर पुन्हा दिवस राहण्याची शक्यता कमी असते. मुलगा हवा असेल तर पुढचे बाळंतपण लवकर हवे, म्हणून मुलीचे दूध लवकर तोडले जाते. मुलगा झाल्यावर मात्र घाई संपते. तो निवांत पितो.

म्हणजे आईच्या प्रेमात खोट नाही. तिच्या छातीतल्या दुधावरही घराण्याच्या वारसाचा हक्क आधी लागतो, खोट तिथे आहे.

दूध तुटले की बाळ पाण्यावर आणि वरच्या अन्नावर येते. टॉवरमध्ये फिल्टरचे पाणी असते. डोंगरउतारावरच्या वस्तीत पहाटे तासभर येणारे, पिंपात साठवलेले पाणी असते. जुलाब कोणत्या बाळाला आधी लागणार? चवदार तळ्याचा वारसा सांगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. पाण्याची विषमता आणि लिंगाची विषमता एकाच बाळाच्या पोटात एकत्र येतात, आणि ते बाळ बहुधा गरिबाघरची दुसरी किंवा तिसरी मुलगी असते.

दुसरे उत्तर शेजारच्या गोव्यातले. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या जिल्हा रुग्णालयात आलेल्या २७० गर्भवतींचा अभ्यास केला. तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के माता नैराश्याच्या आजारात होत्या. त्यांतल्या निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनीही बऱ्या झालेल्या नव्हत्या. कारणे कोणती सापडली? गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले नाते, गरोदरपणातच सुरू झालेला मनाचा त्रास. आणि बाळाचे लिंग. भूक आणि नवऱ्याची मारहाण यांचा आईच्या मनावर किती परिणाम होतो, हेही बाळ मुलगा आहे की मुलगी यावर बदलत होते. याच अभ्यासगटाने पुढे दाखवले की नैराश्यातल्या आईचे बाळ सहाव्या महिन्यात वजनाने आणि लांबीने मागे पडते.

मुलगी झालेली प्रत्येक आई खचते, असे आम्ही म्हणत नाही. असंख्य आया मुलीला छातीशी धरून साऱ्या घराशी लढतात. पण खचते तिला आपण काय म्हणतो? ‘नाटकं करते’, ‘बाहेरचं झालंय’, ‘दूधच उतरत नाही हिला’. रडणाऱ्या आईला डॉक्टरकडे नेण्याऐवजी भगताकडे नेणे हा अंधश्रद्धेचा प्रकार आहेच, शिवाय तो गुन्हेगाराला मोकळे सोडण्याचाही प्रकार आहे. कारण आजार तिच्या मनात दिसत असला, तरी त्याला खतपाणी घराने आणि समाजाने घातलेले असते.

हा समाज असा का घडला, याचे उत्तर बाबासाहेबांनी १९१६ मध्येच दिले. कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या ‘कास्ट्स इन इंडिया’ या निबंधात त्यांनी दाखवले की जात टिकते ती स्त्रीवरच्या नियंत्रणातून. जातीत लग्नाच्या स्त्री-पुरुषांचा मेळ राखण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह आले. म्हणजे कोणती स्त्री जगावी, कधी लग्न करावे, कोणाची मुले जन्मावीत, हे जात ठरवू लागली. १८६३ मध्ये जोतिराव आणि सावित्रीमाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते याच नियंत्रणाला बळी पडलेल्या विधवा आणि त्यांच्या बाळांसाठी. बाळंतिणीच्या मनाची काळजी घेणारी आपली परंपरा तिथून सुरू होते.

१९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि स्त्रियांच्या श्रमातून नफा कमावणाऱ्या मालकाने त्याचा भार उचलावा, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ मध्ये तो कायदा झाला. १९३८ मध्ये त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या, तर एकाहून अधिक मुलांना कोणी तयार झाला नसता, असा त्या भाषणाचा रोख होता. ठराव ११ विरुद्ध ५२ मतांनी पडला. मुलगा होईपर्यंत बाळंतपणे लादणाऱ्या घरांना ते भाषण आजही ऐकवावे लागते.

आणि हिंदू कोड बिल? त्यात मुलीला मुलाइतकाच वाटा होता. मुलगा ‘वंशाचा दिवा’ ठरतो तो जमीन, घर आणि नाव त्याच्याकडे जाते म्हणून. त्या मुळावरच बाबासाहेबांनी घाव घातला होता. बिल रखडवले गेले आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

मुलीला हक्क द्यायला उशीर लावणाऱ्या समाजाने तिला संपवायला मात्र यंत्र लगेच वापरले. ऐंशीच्या दशकात मुंबईत गर्भलिंग तपासणीचा धंदा उघड चालत होता. त्याविरुद्ध इथल्याच स्त्री चळवळीने आवाज उठवला आणि १९८८ मध्ये बंदीचा कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य ठरले. तरीही सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६ होती, ती २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाली. सातारा जिल्ह्यात तर ‘नकुशी’ नावाच्या मुलींना २०११ मध्ये समारंभ करून नवी नावे द्यावी लागली. नाव बदलले, ते ठेवणारी नजर बदलली का?

काही मित्र म्हणतात, हा सवर्णांचा रोग आहे, आपल्यात मुलगा-मुलगी भेद नाही. मित्रहो, तसे असते तर आम्हाला आनंदच झाला असता. पण ब्राह्मणी पितृसत्ता फक्त ब्राह्मणाच्या घरात राहत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतल्याने ती आपोआप जात नाही. रोज घासून काढावी लागते.

कोसलच्या पसेनदी राजाला मल्लिका राणीला मुलगी झाल्याची वार्ता कळली आणि त्याचे तोंड उतरले. तेव्हा बुद्धांनी त्याला सांगितले की मुलगी मुलापेक्षाही श्रेष्ठ निघू शकते. हा प्रसंग बाबासाहेबांनी १९५१ मध्ये हिंदू स्त्रीच्या उन्नती-अवनतीवरच्या लेखात मुद्दाम मांडला. बुद्ध बोलले ते बापाशी, हे लक्षात घ्या. आईला धीर धरायला सांगून ते थांबले नाहीत.

म्हणून आमचे म्हणणे बापांना, भावांना, कार्यकर्त्यांना आहे. बाळाचे लिंग पुरुषाच्या बीजावरून ठरते, हे विहारातल्या वंदनेनंतर मोठ्याने सांगा. मुलीचे दूध तोडण्याची घाई घरात कोण करते, ते विचारा. बाळंतीण दोन आठवड्यांहून अधिक रडत असेल, झोपत नसेल, बाळाकडे पाहत नसेल, तर तिला महापालिकेच्या रुग्णालयात मानसोपचार विभागात घेऊन जा, सोबत बसा. आशा सेविका बाळाचे वजन करते तेव्हा आईच्या मनाचीही विचारपूस व्हावी, ही मागणी वॉर्ड कार्यालयात लेखी द्या. घरकाम करणाऱ्या, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या आमच्या बहिणींना आजही पगारी बाळंतपणाची रजा मिळत नाही. १९२८ ची लढाई त्यांच्यासाठी अजून बाकी आहे.

आणि पुढच्या वेळी वस्तीत मुलगी जन्मली, तर पेढे वाटा. बाळाला पोटभर पिऊ द्या, आणि आईला पोटभर जेवू द्या.

जय भीम!