‘मुंबईच्या पेपरातले कणेकर’

* शिरीष कणेकर (१९४३–२०२३). ‘चांदरात’कार अनंत कणेकर वेगळे, नावापायी घोळ होतो म्हणून हा खुलासा. शिरीष कणेकरांची उमेदवारी मुंबईच्या इंग्रजी पत्रांत, ‘इंडियन एक्स्प्रेस’ आणि ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये झाली, नाव झाले ते मात्र मराठी सदरांनी. हिंदी सिनेमा, त्यातली गाणी आणि क्रिकेट, एवढेच त्यांचे राज्य. लता मंगेशकर व दिलीपकुमार ही दैवते, बाकी कोणाचीही रेवडी उडवायला मोकळे. कोटीचा मोह त्यांना आवरत नसे, हे खरेच. पण सज्जाद हुसेनसारख्या बाजूला पडलेल्या, फटकळ संगीतकारावर ते जीव ओतून लिहीत. ‘गाये चला जा’ पाहावे. पुढे ‘माझी फिल्लमबाजी’ घेऊन रंगमंचावर एकटेच उभे राहिले. मूळ लेखात आलेल्या शिरड शहापूरसारख्या गावात गाणे रेडिओवर ऐकू येई. त्यामागच्या माणसाची हकीकत अशा सदरांतूनच कळे. मूळ लेखाच्या लेखकाने या गावाचा जिल्हा परभणी लिहिला आहे, तो आम्ही बदललेला नाही : औंढा नागनाथ तालुक्यातले हे गाव हिंगोली जिल्ह्यात आले ते १ मे १९९९ रोजी. – संपा.