औद्योगिक कल्याणकार्य : औदार्य की अधिकार?

व्यवसायाच्या सामाजिक जबाबदारीचा विचार करताना टाटा पोलाद कंपनीचे उदाहरण नेहमी पुढे केले जाते, आणि ते सार्थच आहे. १९०७ साली स्थापन झालेल्या या कंपनीने १९१२ मध्ये आठ तासांचा दिवस व १९२० मध्ये भविष्यनिर्वाह निधी सुरू केला. अशा निधीचा सर्वसाधारण कायदा देशात १९५२ साली झाला.

तथापि याच जमशेदपुरात १९२०, १९२२ व १९२८ साली मोठे संप झाले, हे दृष्टीआड करून चालणार नाही. सवलती होत्या, परंतु वेतन, कामगारकपात व संघटनेची मान्यता यांविषयीचा अंतिम निर्णय व्यवस्थापनाच्याच हाती होता. मालकाने आपखुशीने दिलेले कितीही मोठे असले, तरी त्यावर घेणाऱ्याचा हक्क उत्पन्न होत नाही.

२०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यासाठी खर्चण्याचे बंधन घातले. केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या हिताचा खर्च मात्र तीत धरला जात नाही. हा भेद मार्मिक आहे. कामगाराचे देणे ही दानधर्माच्या खात्यावर मांडण्याची रक्कम नव्हे, हाच जमशेदपूरच्या इतिहासाचाही निष्कर्ष होय.