देवपूर (धुळे) : निवासी घनता व विकास आराखडा

देवपूर हा महाराष्ट्रातील धुळे शहराचा पांझरा नदीच्या उत्तर तीरावरील भाग आहे. मुख्य बाजारपेठ, मध्यवर्ती बसस्थानक व रेल्वे स्थानक दक्षिण तीरावर असल्याने देवपूर प्रामुख्याने निवासी व शैक्षणिक उपनगर म्हणून वाढले. एकवीरा देवीचे मंदिर व अनेक महाविद्यालये येथे आहेत. शहराच्या दीर्घकालीन विकास आराखड्यात या भागात किती दाट वस्ती होऊ द्यावी, हा येथील रहिवाशांच्या दृष्टीने पाणी, रस्ते आणि मोकळ्या जागांचा प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे मुख्यालय केले आणि व्यापारी व कारागिरांना घरांसाठी जागा देऊन नवी पेठ वसवली. क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या सरळ गल्ल्यांमुळे या भागाची आखणी आजही लक्षात येते. देवपूरची वाढ अशी एका हाताने झाली नाही. शेतजमिनींचे लहानमोठे अभिन्यास मंजूर होत गेले आणि एकेक कॉलनी उभी राहिली. त्यामुळे शेजारच्या दोन कॉलन्यांचे रस्ते एकमेकांस सरळ जुळतीलच असे नाही.

२००३ मध्ये धुळे नगरपालिकेची महानगरपालिका झाली. शहराची लोकसंख्या २००१ मध्ये ३,४१,७५५ आणि २०११ मध्ये ३,७५,५५९ होती. दशकातील सुमारे दहा टक्क्यांची ही वाढ वरवर अल्प दिसते. परंतु वाढीचा काही भाग त्या वेळी हद्दीबाहेर असलेल्या वलवाडीसारख्या गावांकडे गेला होता. २०१८ मध्ये वलवाडीसह अकरा गावे महानगरपालिकेत समाविष्ट झाली.

रस्त्याची रुंदी आणि चटईक्षेत्र

डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार दाट वस्तीबाहेरील क्षेत्रात मूळ चटईक्षेत्र निर्देशांक १.१ आहे. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर अधिमूल्य भरून मिळणारा जादा निर्देशांक किंवा हस्तांतरणीय विकास हक्क सर्वसाधारणपणे वापरता येत नाहीत. रस्ता जितका रुंद, तितके अनुज्ञेय बांधकाम अधिक. ३०० चौरस मीटरच्या भूखंडावर मूळ निर्देशांकाने ३३० चौरस मीटर बांधकाम होते. त्याशिवाय निवासी वापरासाठी ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक चटईक्षेत्र अधिमूल्य भरून मिळू शकते.

म्हणून घनतेचा वाद बहुधा नकाशावरील रस्त्याच्या रेषेपासून सुरू होतो. नऊ मीटरचा रस्ता बारा मीटरचा दाखवला, की एका घराचे अंगण रुंदीकरणात जाते आणि शेजारच्या बंगल्याच्या जागी बहुमजली इमारत उभी राहण्याची वाट मोकळी होते. दोन्ही घरमालकांचे हित एक राहत नाही. ‘रहिवाशांचा विरोध’ असे सरसकट म्हणणे त्यामुळे अपुरे ठरते.

पाणी, सांडपाणी व पूररेषा

धुळ्याला तापी नदी, नकाणे व डेडरगाव तलाव तसेच पांझरेवरील अक्कलपाडा प्रकल्प यांचा आधार आहे. तरीही नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येणे ही शहराची जुनी तक्रार आहे. बंगल्यातील एक कुटुंब अशा वेळी टाकीत पाणी साठवून निभावते; त्याच भूखंडावर आठ कुटुंबे आल्यास साठवणीचे गणित बदलते. देवपुरात भुयारी गटार योजनेचे काम झाले, त्या काळात खोदलेले रस्ते हाही नागरिकांच्या नाराजीचा विषय होता.

नदीकाठी वेगळी मर्यादा आहे. १८७२ च्या महापुरात धुळ्याचे मोठे नुकसान झाले होते. सध्याच्या नियमांनुसार निळ्या पूररेषेच्या आत उद्यानासारखे खुले वापरच अपेक्षित आहेत. निळ्या व लाल रेषेदरम्यान जोत्याच्या उंचीच्या अटीवर बांधकाम करता येते.

हरकतींची प्रक्रिया

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर कलम २६ अन्वये नागरिकांना तीस दिवसांत हरकती व सूचना देता येतात. स्थायी समितीचे तीन सदस्य व संचालक, नगररचना यांनी नेमलेले कमाल चार तज्ज्ञ यांची नियोजन समिती सुनावणी घेते. अंतिम मंजुरी राज्य शासनाची असते.

मंजुरीनंतरही उद्यान, शाळा किंवा क्रीडांगण प्रत्यक्षात येईलच असे नाही. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जागा संपादित न झाल्यास कलम १२७ नुसार जमीनमालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची कार्यवाही न झाल्यास आरक्षण व्यपगत होते आणि ती जमीन लगतच्या जमिनीप्रमाणे, म्हणजे अनेकदा घरांसाठी, वापरता येते.